घसारा

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला 'घसारा' हा शब्द काही नवा नाही. दर मार्चअखेर टेबलखुर्च्यांपासून तिजोरीपर्यंत साऱ्या मालमत्तेची किंमत थोडी थोडी उतरवायची, त्या रकमेला घसारा म्हणायचं आणि ताळेबंद जुळवायचा. भाड्याने चालणाऱ्या मोटारींवर आयकर खातं 30 टक्के घसारा मान्य करतं, इतर मोटारींवर साधारणपणे 15. हे आकडे आम्हाला झोपेतही सांगता येतील. गंमत अशी की, हा शब्द 'घासणे' याच कुळातला. म्हणजे कुठेतरी काहीतरी खरोखरच कशावर तरी घासत असतं आणि त्याची पूड होत असते. खतावणीत डोकं घालून बसलेल्या माणसाला ती पूड दिसत नाही. मला ती दिसली सातारच्या एका गॅरेजमध्ये, मेहुण्याच्या चाकावरच्या घराखाली.

माझा धाकटा मेहुणा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आणि त्याने एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. 1987 साली आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर ही गाडी आणली. तेव्हापासून अष्टविनायकापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत महाराष्ट्राला तिच्यातून हिंडायची सवय लागली. मेहुण्याने आरटीओची परवानगी घेऊन आतली आसनं काढली आणि तिथे घर थाटलं. दोन पलंग, ओटा, शेगडी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी, दोन मोठ्या बॅटऱ्या, फ्रीज आणि खिडक्यांना पडदे. इंग्रजीत याला मोटरहोम म्हणतात. आपल्याकडे 2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून कॅराव्हॅन हा शब्द रुळू लागला आहे. बेत असा होता की महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं आणि पुढे कोकणात पंधरा दिवस मुक्काम करायचा. बरोबर नातू.

निघण्यापूर्वी गाडी मिस्त्रीला दाखवावी, असं मी सुचवलं. मेहुण्याला ते पटेना. "दाजी, वर्षभरात तीन हजार किलोमीटरसुद्धा फिरली नाही गाडी. ब्रेक कसे जातील?" मिस्त्रीने चाक खोलता खोलता उत्तर दिलं, "फिरली नाही म्हणूनच गेले, काका."

त्याचं म्हणणं खरं होतं. ब्रेक ऑइलला हवेतली ओल शोषायची खोड असते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की हे ओलसर तेल चाकातल्या सिलिंडरमध्ये बसून राहतं. तिथल्या पिस्टनला गंज धरतो, रबराचे कप कडक होतात आणि तेल झिरपू लागतं. या गाडीत मागच्या उजव्या चाकाचा सिलिंडर असाच पाझरला होता आणि लायनर तेलाने माखला होता. तेल प्यालेला लायनर कितीही धुतला, घासला, तरी पुन्हा भरवशाचा होत नाही. डावीकडची गोष्ट निराळी. तिथला लायनर गाडीच्या आधीच्या जन्मात, प्रवासी वाहतुकीत, घासून घासून रिव्हेटांपर्यंत आला होता आणि त्या रिव्हेटांनी ड्रमवर चर पाडले होते. पुढे डिस्कचे पॅड. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो आणि तीनवर आला की बदलायचा. हे दोनवर आले होते.

उभं राहूनही झिजावं लागतं, हे निवृत्त माणसाला वेगळं सांगायला नको. असो.

पण या घरासारख्या गाडीची आणखी एक अडचण आहे. प्रवासी गाडी कधी भरलेली असते, कधी रिकामी. हे घर कायम भरलेलं. भांडी, गाद्या, पाणी, सिलिंडर यांचं ओझं चोवीस तास त्याच चार चाकांवर, आणि त्याच ब्रेकांवर. हिशेबच मांडून पाहू. गाडी सगळ्यासकट चार टनांची धरली आणि ताशी 60 किलोमीटर वेगावरून ती थांबवली, तर ब्रेकांना साडेपाच लाख ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. ब्रेक ऊर्जा नाहीशी करत नाहीत, तिची उष्णता करतात. आता घाट घ्या. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच, पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. नुसते 1,200 मीटर उतरलो असं धरलं, तरी चार टनांच्या गाडीमागे 4 कोटी 70 लाख ज्यूल होतात. वेगातली गाडी ऐंशीहून अधिक वेळा थांबवण्याइतकं हे काम. एवढ्या उष्णतेत दीडशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी धग हवेत जाण्याआधी चार तळहातांएवढ्या पॅडांतून आणि लायनरांतून जायची, जर चालकाने सगळा भार ब्रेकवर टाकला तर.

मग काय होतं, तेही मिस्त्रीने सांगितलं. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल खोल जाऊ लागतं. लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड सुटते. सगळ्यात वाईट अवस्था तेलाची. डॉट-3 जातीचं कोरं ब्रेक ऑइल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. ओल शोषलेल्या तेलासाठी तीच मर्यादा 140 अंशांवर येते. तेल उकळलं की नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय तळापर्यंत जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. ब्रेक फेल झाले, असं आपण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतो, त्यातले काही असे, दोन वर्षं न बदललेल्या पाव-अर्ध्या लिटर तेलापायी गेलेले असतात.

कामाची यादी झाली. मागचे चारही लायनर, पुढचे पॅड, दोन्ही व्हील सिलिंडर, रबरी होज पाइप आणि सगळं तेल. ड्रम लेथवर फिरवून चर काढायचे. ठरलेल्या मापाबाहेर गेले तर नवेच घालायचे. मेहुणा म्हणाला, उजवीकडचाच सिलिंडर खराब आहे, तर तेवढाच बदलू. मिस्त्रीने मान हलवली. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं, तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. घाटात एका अंगाला डोंगर असतो आणि दुसऱ्या अंगाला दरी. एकूण खर्च सांगितला तो सोफ्याच्या कापडाहून आणि पडद्यांहून कमी होता. पण पडद्यांवर घासाघीस न करणारा माझा मेहुणा इथे मात्र घासाघीस करू लागला.

मला त्याचं नवल वाटलं नाही. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या शाखेत ट्रकची कर्जं पाहत असे. आमच्या तपासणी अहवालात इंजिन नंबर, चॅसी नंबर, विमा, कर, टायरची स्थिती असे रकाने होते. ब्रेकचा रकाना नव्हता, कारण तारण म्हणून ब्रेकला किंमत नव्हती. टायर विकता येतो. झिजलेला लायनर कोण घेणार? एकदा एक ट्रकमालक मला म्हणाला होता, "साहेब, हप्ता चुकला तर तुमची नोटीस येते. लायनर बदलायचे राहिले तर कुणाची नोटीस येते?" त्याने त्या महिन्यात हप्ता वेळेवर भरला आणि लायनर पुढच्या महिन्यात बदलले. मधल्या महिन्यात त्याचा ट्रक कुंभार्ली घाट किती वेळा उतरला असेल, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

रेल्वेने हा प्रश्न माणसाच्या शहाणपणावर सोडला नाही. बोरघाटात आणि थळघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. चढताना गाडीला जादा इंजिनं लावतात, त्यांना 'बँकर' म्हणतात. आमच्या जातभाईंनी लोकांना वर ढकलल्याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. उतरताना मात्र नियम कडक. ठरावीक ठिकाणी रुळांचा सांधा मुख्य मार्गाला जोडलेला नसतोच, तो चढणीवर जाणाऱ्या कॅच सायडिंगला जोडलेला असतो. गाडी आधी थांबून दाखवते, ब्रेक लागतात हे सिद्ध करते, मगच तिला पुढची वाट मिळते.

रस्त्यावर अशी सक्ती नाही. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका जड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. चालकाने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असं प्राथमिक तपासानंतर सांगण्यात आलं. चार घोट डिझेल वाचवण्याचा हा हिशेब. इंजिन बंद म्हणजे इंजिनाचा अटकाव गेला, ब्रेकला मिळणारी मदतही हळूहळू संपणार. जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. त्यातलं मर्म एवढंच, की भार इंजिनाने धरावा आणि ब्रेकने फक्त चूक सावरावी.

मेहुणा अखेर कबूल झाला, तो नातवामुळे. दीड दिवस काम चाललं. मिस्त्रीने ड्रममधली पूड हवेच्या फवाऱ्याने उडवू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली. पूर्वीच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि ती पूड छातीत बसते, हे त्याला त्याच्या उस्तादाच्या खोकल्याने शिकवलं होतं. शेवटी एअर काढताना मेहुणा स्टिअरिंगवर बसला आणि मिस्त्री गाडीखाली. "दाबा... धरून ठेवा... सोडा." बाटलीत सोडलेल्या नळीतून आधी चहासारखं काळपट तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार.

आपण झिजण्याचं कौतुक करतो ते चंदनाचं, आईबापांचं, कार्यकर्त्यांचं. आणि कौतुक करून मोकळे होतो. लायनरचं कौतुक नको. त्याचं कामच झिजण्याचं आहे, ड्रम वाचावा आणि माणूस वाचावा म्हणून. त्याला फक्त कुणीतरी वेळेवर चाक खोलून पाहायला हवं असतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं फिटनेस तपासणी लागत नाही, त्यामुळे ही नोटीस आपणच आपल्याला धाडायची असते.

मेहुण्याने आता गाडीत एक वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, पॅडची जाडी, तेल बदलल्याचा महिना. माझ्या आग्रहावरून त्याने बँकेत एक आवर्ती ठेवही उघडली आहे, गाडी फिरो वा उभी राहो, दरमहा पाचशे रुपयांची. दोन वर्षांची मुदत, म्हणजे तेल बदलायची वेळ आणि ठेव पिकायची वेळ एकच.