झाकली मूठ आणि मुदत संपलेले कवच

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण संसारात पुष्कळदा शहाणपणाची ठरते. साथीच्या काळात मात्र ती घातक असते. पोलिओच्या लढ्यात आपण हे अनुभवले आहे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला, की तो पोलिओ नसावा असे मनोमन वाटत असूनही आम्ही बालरोगतज्ज्ञ त्याची वर्दी देतो. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात लक्षणे दिसलेली बालिका वन्य पोलिओची देशातील अखेरची रुग्ण ठरली. या यशात लसीइतकाच या वर्दीचा वाटा होता. वर्दी देणाऱ्या डॉक्टरवर ठपका येत नव्हता, म्हणूनच ती वेळेवर येत गेली.

संगणकांवरील हल्ल्यांनाही हाच न्याय लागू पडतो. एका संस्थेत शिरलेला घातक प्रोग्राम उद्या दुसरीत शिरणार असतो. पहिलीने त्याची लक्षणे तत्काळ कळवली, तर दुसरी वाचू शकते. परंतु कळवावे तर बदनामी आणि कज्जेखटले यांचे भय! हे भय दूर करण्यासाठी अमेरिकेने डिसेंबर २०१५ मध्ये सायबरसुरक्षा माहिती-देवाणघेवाण कायदा केला. सिनेटमध्ये तो त्याआधी ७४ विरुद्ध २१ मतांनी संमत झाला होता. हल्ल्याच्या खुणा सरकारला किंवा परस्परांना विहित रीतीने कळवणाऱ्या कंपन्यांना त्याने दाव्यांपासून व मक्तेदारीविरोधी कारवाईपासून संरक्षण दिले. हल्ल्याशी थेट संबंध नसलेला व्यक्तिगत तपशील कळवण्यापूर्वी वगळावा, अशी अटही घातली. तरीही नागरिकांच्या खासगीपणाचे काय, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि तो अनाठायी नव्हता.

या कायद्याला दहा वर्षांची मुदत होती. ३० सप्टेंबर २०२५ रोजी ती संपली. नूतनीकरण झाले नाही. दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पी तरतुदींअभावी तेथील सरकारी कामकाजही ठप्प झाले. विशेष म्हणजे, कायद्याच्या सरळ नूतनीकरणाला अडवून धरणारे सिनेटच्या संबंधित समितीचे अध्यक्ष रँड पॉल हे व्यवसायाने नेत्रतज्ज्ञ आहेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणाची कलमे हवीत, हा त्यांचा आग्रह होता. याउलट गॅरी पीटर्स आणि माइक राउंड्स या दोन भिन्न पक्षांच्या सिनेटरांनी आणखी दहा वर्षांच्या नूतनीकरणाचे, मधल्या खंडालाही संरक्षण देणारे विधेयक मांडले. अखेर १२ नोव्हेंबर रोजी तात्पुरत्या खर्चाच्या विधेयकातून जी मुदतवाढ मिळाली, ती अवघी ३० जानेवारी २०२६ पर्यंतची होती. दहा वर्षांच्या कवचाला अडीच महिन्यांचे ठिगळ!

लसीकरणाच्या कार्डावर बूस्टरची तारीख आम्ही आधीच लिहून देतो, कारण प्रतिकारशक्ती ओसरताना दिसत नाही. कायद्याच्या कवचाचेही तसेच आहे. ते संपले त्या सकाळी काही कोसळले नाही. मात्र ‘हे कळवावे का?’ असे विचारल्यावर वकिलाचे उत्तर बदलण्याचा धोका निर्माण झाला.

कायदा म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तो लागू असतानाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘चेंज हेल्थकेअर’ या वैद्यकीय देयकांचे व्यवहार हाताळणाऱ्या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला. केवळ पासवर्डवर उघडणारा एक दरवाजा हल्लेखोरांना पुरला. २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी दिली गेली. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती धोक्यात आली. लस घेतली म्हणून हात धुणे सोडायचे नसते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे मानण्याचे कारण नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत बरेचसे काम हाताने चालले. आपल्याकडे ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे आणि कसूर केल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. येथील भर कर्तव्यावर आहे, तर अमेरिकी कायद्याचा भर अभयावर होता. माझ्या मते दोन्ही हवीत. केवळ धाकाने वर्दी येते ती उशिरा, आणि अपुरी.

आपल्या मंडळातील अनेकांची छोटी रुग्णालये आता संगणकावर चालतात. त्यांत जन्मापासूनच्या नोंदी असलेली बालके आहेत. त्यांची माहिती पळवली गेली, तर तिचा उपद्रव त्यांना आयुष्यभर होऊ शकतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढे सांगून मूठ झाकणे सोपे असते. परंतु शेजारच्या रुग्णालयाला त्याच संध्याकाळी सावध करणे, हा आपल्या व्यवसायधर्माचाच भाग आहे. मंडळाने याकरिता परस्परविश्वासाची, रुग्णांची नावे न उघडणारी एक साधी व्यवस्था उभारावी आणि दरवर्षी तिची उजळणी करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.