हॅल्यार्ड
हॅल्यार्ड : शिडाच्या नौकेवर शीड चढविण्यासाठी व उतरविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या दोरास हॅल्यार्ड म्हणतात. त्याचे एक टोक शिडाच्या माथ्याला जोडलेले असते. तेथून तो डोलकाठीच्या टोकावरील कप्पीच्या चाकावरून वळून डोलकाठीच्या बाहेरून किंवा पोकळीतून खाली डेकवर येतो. हा दोर वरच्या टोकाशी अडकल्यास शीड उतरविता येत नाही. वारा वाढत असताना ही स्थिती नौकेच्या जिवावर बेतू शकते.

अडकण्याची कारणे : (१) दोर सैल असताना चाकाच्या खाचेतून निसटतो आणि चाक व बाजूची पट्टी यांमधील फटीत रुततो. जुन्या पोलादी तारेच्या जागी बारीक कृत्रिम दोर बसविला आणि चाक मात्र तेच ठेवले, तर हा धोका वाढतो. (२) शीड प्रमाणाबाहेर वर ओढल्यास दोराच्या टोकाची कडी किंवा गाठ कप्पीत शिरते. (३) पोकळ डोलकाठीत दोर एकमेकांना पिळा घालतात. (४) खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम व पोलाद यांच्या सान्निध्यामुळे गंज चढून चाक फिरेनासे होते. (५) गुंडाळता येणाऱ्या पुढील शिडाच्या बाबतीत, वरची भोवरकडी फिरताना हॅल्यार्ड पुढील ताण-तारेभोवती गुंडाळला जातो.

निदान : प्रथम नौका वाऱ्याच्या तोंडाकडे वळवून शिडावरील भार कमी करतात आणि दुर्बिणीने टोकाचे निरीक्षण करतात. हॅल्यार्ड सोडल्यावर तो शिडाच्या माथ्यावर सैल लोंबू लागला, तर दोष दोरात नसून डोलकाठीवरून सरकणाऱ्या शिडाच्या कड्यांत असतो. दोर डेकजवळच सैल राहिला व वरचा भाग ताठ असला, तर तो वाटेत किंवा टोकाशी अडकलेला असतो. टोकाशी अडकलेला दोर डेकजवळ कापूनही शीड उतरत नाही.

उपाय : सर्वांत घातक चूक म्हणजे विंचने जोर लावणे. ४० पट यांत्रिक लाभ असलेल्या विंचवर २० किग्रॅ. भाराइतका जोर लावल्यास घर्षण वगळता सु. ८०० किग्रॅ. ताण निर्माण होतो; त्यामुळे फटीतील दोर अधिकच घट्ट बसतो. ताण-तारेला विळखा पडला असता जोराने शीड फिरविल्यास ती तार पिळवटून तुटते व डोलकाठी कोसळू शकते. अशा वेळी शीड हळूहळू उलट दिशेने फिरवून हॅल्यार्डचा ताण किंचित कमी करतात. फटीत रुतलेला दोर, खालचे टोक सैल सोडून शिडाच्या बाजूने हलके झटके दिल्यास कधी कधी सुटतो.

हे उपाय निष्फळ ठरल्यास डोलकाठीवर चढावे लागते. १५ मी. उंच डोलकाठीची नौका दोन्ही बाजूंना २०° झुकत असल्यास टोक सु. १० मी. रुंदीत हेलकावते. म्हणून हे काम शक्यतो बंदरात किंवा शांत पाण्यात करतात. चढणाऱ्याने अडकलेल्या दोरावर कधीही विसंबू नये; दोन स्वतंत्र, सुस्थितीतील दोर वापरावेत व ते झटकडीने न जोडता गाठीने पट्ट्याला बांधावेत. खुल्या समुद्रात एकट्या नाविकाला मात्र हा पर्याय नेहमीच टाळता येत नाही. एलेन मॅकआर्थर या ब्रिटिश नाविक स्त्रीला २०००–०१ च्या व्हांदे ग्लोब या विनाथांबा जगप्रदक्षिणा शर्यतीत डोलकाठीवर अनेकदा चढावे लागले.

प्रतिबंध : चाकाची खाच दोराच्या जाडीशी जुळती असावी व फट दोरापेक्षा पुष्कळच लहान असावी. शीड पूर्ण चढल्याची खूण दोरावर करावी. गुंडाळत्या शिडाची भोवरकडी नळीच्या वरच्या टोकाजवळ असावी आणि हॅल्यार्ड ताण-तारेपासून सु. ८° ते १०° कोनात दूर जावा. तसे नसल्यास डोलकाठीवर मार्गदर्शक कडी बसवितात. लांबच्या प्रवासापूर्वी बंदरातच टोकाची तपासणी करणे हा यावरील सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय.