ॲक्सिलरेटर दाबला की गाडी का थरथरते?

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीहून निघालेली गाडी साकोलीला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर चढते, वेग वाढतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते. दोष कुठे शोधायचा?

ताशी ८०च्या आसपास ॲक्सिलरेटर सोडूनही थरथर टिकली, तर संशय चाकांवर. धानाच्या बांधीतला चिखल रिमच्या आत वाळून बसला, तरी चाकाचा तोल जातो. आधी तो खरवडावा, मग बॅलन्सिंग करावे.

पाय दाबताच थरथर, सोडताच शांत? मग पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत ॲक्सलचा आतला सीव्ही जॉइंट तपासावा. त्याचा रबरी बूट फाटला असेल तर आजूबाजूला ग्रीस उडालेले दिसते. इंजिनाच्या माउंटिंगचे रबर फाटले असेल, तर गिअर बदलताना इंजिन धक्का देते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा एखादा सिलिंडर पेटत नाही. अशी पेट्रोल गाडी दामटू नये. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते.