ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?



महाडीबीटी, पीक विमा, डिजिटल सातबारा, ई-पीक पाहणी. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. बहुतेकांची खाती सेवा केंद्रावर, गर्दीच्या दिवशी घाईत उघडलेली. यूजरनेम केंद्रवाल्याच्या वहीत, पासवर्ड म्हणजे आपलं नाव आणि पुढं 123. कधी कधी मोबाईल नंबरही त्याचाच. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, पण ठिबकसाठी निवड झाल्याचा, कागदपत्रं अपलोड करायचा मेसेज त्याच नंबरवर जातो. तुम्हाला कळेपर्यंत मुदत निघून जाते.

म्हणून पासवर्ड आठवतो का, हे नंतर बघा. आधी *ओटीपी कोणत्या नंबरवर येतो* ते तपासा. पासवर्ड विसरला तर ओटीपी घेऊन नवा करता येतो. नंबरच आपला नसेल, तर सगळं अडतं. एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना फार्मर आयडी सक्तीचा झालाय, तो आधारशी जोडलेला आहे. तेव्हा आधारला जो नंबर आहे तो चालू पाहिजे. जुनं सिम कपाटात पडलं असेल तर रिचार्ज मारा. 90 दिवस काहीच वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढं तो दुसऱ्याला दिला जातो. आधारचा नंबर बदलायचा असेल तर सोयाबीन काढणीच्या आधीच आधार केंद्रावर जाऊन या, ऐन अर्जाच्या वेळी तिथं रांग असते.

आता पासवर्ड लक्षात ठेवायचं. सरळ सांगतो, एवढे पासवर्ड कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. एक छोटी वही करा, ती सातबारा-पासबुकाच्या पिशवीत ठेवा. एका पोर्टलला एक पान: लॉगिनचं नाव, ओटीपीचा नंबर, पासवर्ड, तो कधी बदलला ती तारीख. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी लिहा, निम्मे घोळ तिथंच होतात. घरातल्या एका माणसाला वही कुठं आहे ते माहीत असू द्या. ते कारभारणीला माहीत असलेलं उत्तम, पोरगं पुण्याला असतंय. यूपीआय पिन आणि एटीएमचा पिन मात्र या वहीत लिहायचा नाही. आणि वहीच्या पानाचा फोटो काढून कुणाला व्हॉट्सॲपवर टाकू नका, आमच्या ग्रुपवरसुद्धा नाही.

पासवर्ड लांब ठेवा. नाव आणि जन्मसाल कुणीही ओळखतं. त्यापेक्षा आपल्याच वावरातल्या तीन-चार गोष्टी इंग्रजी अक्षरात जोडून लिहा: विहीर, मोसंबी, बांध, बैलाचं नाव, मधे एखादा आकडा. तुम्हाला आठवेल, दुसऱ्याला सुचणार नाही. पण सगळीकडं तोच एक टाकू नका, निदान जीमेल आणि बँकेचा तरी वेगळा ठेवा. जीमेल दुकानदाराने फोन घेताना काढून दिलं असेल, तर त्यात रिकव्हरी नंबर कुणाचा आहे तेही बघून घ्या.

ई-पीक पाहणीचा चार आकडी सांकेतांक विसरला तर घाबरू नका, ॲपमध्येच 'सांकेतांक विसरलात?' असा पर्याय आहे. डिजिटल सातबाऱ्याला ओटीपीनंही लॉगिन होतं. पण तिथं नोंदणी करून पैसे भरून ठेवले असतील, तर ते लॉगिन जपा, शिल्लक त्याच खात्यात असते.

एक सावधगिरी. 'पीएम किसान'च्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाईल आली तर उघडू नका. असल्या फाईली फोनमधले ओटीपी परस्पर वाचतात. अनुदान जमा करायला यूपीआय पिन मागणारा चोरच, कारण पैसे *यायला* पिन लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 ला फोन लावा, मग बँकेत जा.

महाडीबीटीला नंबर कोणता लावलाय हे समजत नसेल, त्यांनी आधार आणि स्वतःचा चालू फोन घेऊन कंपनीच्या कार्यालयात यावं. ओटीपी तुमच्याच फोनवर येईल, तो तुम्हीच टाका. आमचा माणूस फोनवरून ओटीपी कधीच विचारणार नाही.