मोटारीच्या मागील काचेवरील फिल्मचा चिकटा

मोटारीच्या मागील काचेच्या आतील बाजूस लावलेली रंगीत किंवा काळी फिल्म काढल्यानंतर काचेवर उरणाऱ्या गोंदाच्या थराला चिकटा म्हणतात. विदर्भात ज्वारीच्या कणसावर पडणाऱ्या चिकट रोगालाही शेतकरी याच नावाने ओळखतात. दोन्हींचा स्वभाव सारखाच असल्याने हे नाव काचेवरील थरालाही शोभते. हा थर धुळीला धरून ठेवतो, रात्री मागून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर फाकतो आणि आतील आरशातून मागचा रस्ता धूसर दिसतो. बाजूच्या काचांवरील चिकटा काढणे तुलनेने सोपे आहे. मागील काचेवर मात्र धुके घालविणाऱ्या तापतारा छापलेल्या असल्यामुळे तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते.

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यापासूनच्या पहिल्या नऊ दिवसांना या भागात नवतपा म्हणतात आणि त्या दिवसांत भर दुपारी उघड्यावर उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आतील हवा ६० अंशांच्याही वर तापू शकते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांत मोटार घेतल्याबरोबर ‘फिल्म मारून घेणे’ ही अनेक वर्षे नेहमीची गोष्ट होती, ती या उन्हामुळे. त्यामागे केवळ हौस होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. अविषेक गोएंका विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला. काचेवर वरून चिकटविलेली कोणतीही फिल्म, तिच्यातून कितीही प्रकाश जात असला तरी, चालणार नाही असे त्यात ठरले व ४ मे २०१२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानंतर मुंबईसह अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी रस्त्यावरच फिल्म उतरवून घेतल्या. भर रस्त्यात, ऐन उन्हाळ्यात, घाईघाईने ओढलेली फिल्म अखंड निघत नाही. जुन्या मोटारींच्या मागील काचांवर दिसणारे पट्टे व डाग पुष्कळदा अशा घाईचेच असतात. पुढे नियम १०० मध्ये बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून प्लॅस्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेला मान्यता मिळाली. ठरावीक मर्यादेत बसणाऱ्या फिल्मबद्दल दंड करता येणार नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले. तथापि मागील काचेसाठी ७० टक्क्यांची अट कायम असल्याने जुन्या गडद फिल्मला या बदलाचा काहीही लाभ नाही. ती काढावीच लागते.

चिकटा का उरतो

फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचे एकमेकांवर चिकटविलेले पातळ पापुद्रे. रंग पापुद्र्यात किंवा गोंदात मुरविलेला असतो आणि काचेकडील बाजूस ॲक्रिलिक जातीच्या गोंदाचा थर असतो. वर्षानुवर्षे ऊन लागल्यावर तीन गोष्टी घडतात. अतिनील किरणांनी रंग विटतो व स्वस्त फिल्म जांभळी पडते. गोंदातून सुटलेल्या वायूचे फुगे येतात. शेवटी गोंदाचे रेणू एकमेकांशी अधिक घट्ट जोडले जाऊन तो कडक व ठिसूळ होतो. अशा अवस्थेत फिल्म ओढली की वरचा पापुद्रा हातात येतो आणि खालचा पापुद्रा गोंदासह काचेवरच राहतो.

ज्या उन्हाने गोंद म्हातारा होतो तेच ऊन त्याला काही काळ मऊही करते. थंड गोंद तुटतो, कोमट गोंद ताणला जाऊन फिल्मसोबत निघतो. वर्धेसारख्या ठिकाणी उष्णतेसाठी वेगळा खर्च करण्याची गरज फारशी पडत नाही. गरज असते ती गोंद ओला ठेवण्याची.

सर्वच गोंद सारखे नसतात. काही चांगल्या प्रतीच्या फिल्मना पाण्याने जागा होणारा कोरडा गोंद असतो. तो नुसत्या साबणाच्या पाण्यात भिजवून ठेवला तरी खळीसारखा होतो. दाबाने चिकटणारा साधा गोंद पाण्याला दाद देत नाही. त्याला द्रावक लागतो. आपल्या काचेवर कोणता गोंद आहे हे ठरविण्यासाठी कोपऱ्यातील टिचभर जागा १० मिनिटे ओली ठेवून नखाने घासून पाहणे पुरेसे असते.

मागील काचेचे वेगळेपण

पुढील काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते, तर मागील काच बहुधा तापवून झटकन थंड केलेली, म्हणजे टफन्ड असते. तिच्या आतील पृष्ठभागावर ज्या तांबूस-तपकिरी आडव्या रेषा दिसतात त्या म्हणजे डिफॉगरच्या तापतारा. त्या काचेत बुडविलेल्या नसून चांदी व काचेची पूड यांच्या लगद्याने काचेवर छापून भट्टीत पक्क्या केलेल्या असतात. दोन्ही कडांना उभ्या जाड पट्ट्या असतात आणि सर्व रेषा त्यांच्यामध्ये समांतर जोडलेल्या असतात. त्यामुळे एक रेषा तुटल्यास तेवढीच बंद पडते, बाकीच्या चालू राहतात. पण उभ्या पट्टीवरील विजेची जोडणी उखडल्यास सगळीच काच निकामी होते. काही मोटारींत रेडिओचा अँटेनाही याच काचेवर छापलेला असतो. स्वस्त श्रेणीतील अनेक मोटारींना डिफॉगर नसतो; तेथे हा प्रश्नच येत नाही.

वर्धेच्या कोरड्या उन्हाळ्यात डिफॉगरचे बटण महिनोन्‌महिने कोणी दाबत नाही. त्यामुळे रेषा तुटल्याचे लक्षात येते ते पावसाळ्यात, दमट हवेत मागची काच आतून धूसर होते तेव्हा. तोपर्यंत काच कोणी व केव्हा खरवडली याचा कोणालाच पत्ता नसतो.

हे नुकसान बहुधा सवयीमुळे होते. बाजूच्या काचांवर रेषा नसल्याने कारागीर तेथे लोखंडी पत्ती चालवितात व काम लवकर उरकते. तीच पत्ती त्याच हाताने मागील काचेवर फिरविली जाते. पत्तीची धार रेषेला आडवी गेली की रेषा तुटते, आणि पत्तीखाली वाळूचा कण आल्यास टफन्ड काचेवर कायमचा ओरखडा उठतो. मागील काचेवर लोखंडी पत्ती मुळीच वापरू नये, इतका साधा नियम पाळला तरी बहुतेक नुकसान टळते. तारेची घासणी व खरखरीत पॉलिश पेपरही वर्ज्य समजावेत.

काढण्याची पद्धत

प्रथम मागील आसन, त्यामागील फळी व तिच्यातील स्पीकर जुन्या चादरीने व त्यावर प्लॅस्टिकने झाकावेत. फिल्म अजून शाबूत असेल तर ती वाफेने किंवा हेअर ड्रायरने कोमट करून एका वरच्या कोपऱ्यातून सोडवावी आणि काचेलगत मागे दुमडून अगदी सावकाश ओढावी. फाटू लागली की थांबून पुन्हा ऊब द्यावी. डिफॉगर चालू स्थितीत असल्यास इंजिन सुरू करून तो काही मिनिटे लावल्यानेही रेषांजवळचा गोंद मऊ होतो; मात्र हे बंद शेडमध्ये करू नये, कारण इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

नुसता चिकटा उरला असेल तर मोटारीची पाठ उन्हाकडे करून ती उभी करावी. भर दुपारच्या उन्हात द्राव काचेवर टिकत नाही, शिवाय आत बसून काम करणाऱ्याला उष्माघाताचा धोका असतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठ ते दहा आणि हिवाळ्यात दुपारची वेळ सोयीची. मागचे दार वर उघडणाऱ्या मोटारीत हे काम बरेचसे बाहेर उभे राहून करता येते. डिकी वेगळी असलेल्या मोटारीत मागील आसनावर वाकून बसावे लागते व मान अवघडते.

चिकट्यावर साबणाचे कोमट पाणी भरपूर फवारून त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे ओल टिकते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर साबणाला फेस येत नाही व वाळल्यावर पांढरे डाग पडतात. अशा ठिकाणी गाळलेले किंवा पावसाचे पाणी घ्यावे. अर्ध्या तासाने कागद थोडा थोडा उचलून मऊ झालेला गोंद प्लॅस्टिकच्या पत्तीने काढावा. पत्ती मिळाली नाही तर जुने एटीएम कार्ड तेच काम करते. हात नेहमी रेषांच्या दिशेने, म्हणजे आडवा चालवावा. वरून खाली कधीही नाही. निघालेला गोंद लगेच फडक्यावर पुसून घ्यावा, नाहीतर तोच पुढच्या जागी पुन्हा चिकटतो.

पाण्याला न जुमानणाऱ्या गोंदासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, टर्पेंटाइन किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेले गोंदनाशक वापरतात. संत्र्यांच्या मुलखाशेजारच्या या जिल्ह्यात शेवटचा पर्याय विशेष ओळखीचा वाटावा: साल चिमटल्यावर हाताला जो उग्र वास लागतो तो लिमोनीन या द्रव्याचा, आणि तेच गोंद विरघळविते. द्राव थेट काचेवर न ओतता फडक्यावर घ्यावा. गोडे तेल किंवा रॉकेलही गोंद सैल करते, पण फार हळू, आणि मागे राहिलेला तेलकटपणा काढण्याचे काम नव्याने वाढते. ॲसिटोन व थिनर गोंद झटकन काढतात खरे, परंतु त्यांचा थेंब दाराच्या आतील प्लॅस्टिकवर किंवा रबरी पट्टीवर पडला तर तेथे कायमचा पांढरा डाग राहतो. मोटारीच्या आत ते न वापरणेच बरे.

काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची नक्षी असते. ठिपक्यांच्या मधल्या फटींत गोंद अडकून बसतो व तो काढताना बहुतेकांचा धीर सुटतो. तेथे मऊ दातब्रश व द्रावक यांचा उपयोग करावा आणि थोडा गोंद उरला तरी तो सोडून द्यावा. त्या पट्टीतून मागचे काही दिसत नसल्याने दृष्टीला अडथळा होत नाही, आणि ठिपके खरवडले गेले तर ते पुन्हा उमटविता येत नाहीत.

शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून काच कोरडी करावी व रात्री मागून दुसऱ्या वाहनाचा दिवा पाडून पाहावा. दिवसा स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर उरलेला गोंदाचा धूसर पडदा तेव्हाच कळतो.

अमोनियाची पद्धत

काचेवर अमोनियाचे पाणी फवारून ती काळ्या प्लॅस्टिकने आतून व बाहेरून झाकून उन्हात ठेवण्याची पद्धत जुनी आहे. काळे प्लॅस्टिक ऊन शोषून काच तापविते, अमोनिया गोंद सोडवितो आणि फिल्म गोंदासह एका तुकड्यात उतरते. पद्धत परिणामकारक आहे, पण वर्धेच्या उन्हात तिचा धोका दुप्पट होतो. तापलेल्या बंद मोटारीत अमोनियाची वाफ झपाट्याने वाढते. डोळे, घसा व फुप्फुसे यांना ती भाजते. दमेकऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी व मुलांनी अशा मोटारीजवळ थांबू नये. सर्व दारे उघडून वाफ पूर्ण निघून गेल्यावरच, हातमोजे व चष्मा घालून आत शिरावे. अमोनियाबरोबर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचयुक्त फरशीचा द्राव चुकूनही मिसळू नये. त्यातून क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. साबण व वाफ यांनी काम होत असताना ही पद्धत निवडण्याचे कारण बहुधा घाई हेच असते.

तुटलेल्या रेषेची तपासणी व दुरुस्ती

काम झाल्यावर डिफॉगर लावून दमट सकाळी काच पाहावी. ज्या रेषेभोवतीचे धुके हटत नाही ती तुटलेली असते. नेमकी जागा मल्टिमीटरने सापडते. डिफॉगर चालू असताना मीटरची एक तार मोटारीच्या धातूला व दुसरी रेषेला टेकवून आडवी सरकवावी. धड रेषेवर दाब एका टोकाच्या सुमारे १२ व्होल्टपासून दुसऱ्या टोकाच्या शून्यापर्यंत हळूहळू उतरतो. तुटलेल्या जागी तो एकदम पडतो. तेथे रेषेच्या वर व खाली चिकटपट्टी लावून मधल्या फटीत चांदीयुक्त विद्युतवाहक रंगाचा पातळ थर देतात व तो पूर्ण वाळल्यानंतरच डिफॉगर लावतात. काही मिलिमीटरची फट अशा रीतीने साधते. पत्तीने रेषेचा लांब भाग खरवडला गेला असेल, किंवा एकाच पट्ट्यात अनेक रेषा तुटल्या असतील, तर ही दुरुस्ती टिकत नाही आणि काच बदलणे एवढाच मार्ग उरतो.