डस्किन प्रशिक्षण: जपानमध्ये अपंग तरुणांची उमेदवारी

डस्किन लीडरशिप ट्रेनिंग हा आशिया-पॅसिफिक भागातील अपंग तरुणांसाठी १९९९ मध्ये जपानात सुरू झालेला उपक्रम. खर्च डस्किन आइनोवा फाउंडेशनचा; ही संस्था १९८१ या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षातली. आधी जपानी भाषा, बधिरांना जपानी सांकेतिक भाषाही. मग ज्याच्या-त्याच्या आवडीप्रमाणे अपंगांच्या संघटनांत प्रत्यक्ष काम. त्यातला खरा ठेवा म्हणजे स्वावलंबी जीवन केंद्रं. तिथला कारभार अपंगांच्याच हाती असतो. घर कसं शोधावं, मदतनीस कसा निवडावा, त्याच्याशी कामाचं कसं ठरवावं, हे रोज तसं जगणारी व्यक्तीच शिकवते. टोकियो महानगरातल्या हाचिओजीतलं ह्यूमन केअर असोसिएशन हे जपानमधलं १९८६ चं असंच आद्य केंद्र. नेतृत्व घडवण्याची याहून थेट पद्धत क्वचितच सापडेल.