माटोळी : न लिहिलेली यादी

गणपतीची आरास म्हटली की पुण्या-मुंबईच्या माणसाला मखर आठवते. मखर मूर्तीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना असते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात मात्र सजावटीचा मान मूर्तीच्या माथ्यावर आहे. लाकडाच्या रिपांची किंवा बांबूची आडवी चौकट आढ्याला दोरांनी टांगतात आणि तिच्यावर नारळ, सुपारीचे घोस, भाज्या, रानफळे, फुले, पाने एकापुढे एक बांधत जातात. हिला सिंधुदुर्गात माटवी म्हणतात, कुठे मंडपी, आणि गोव्यात माटोळी. कोकणीत मांडवाला ‘माटव’ म्हणतात. तेव्हा माटोळी म्हणजे देवावर धरलेला छोटा मांडव, असा अर्थ सरळ लागतो. मांडव मात्र सावलीसाठी असतो आणि या मांडवाला छप्परच नाही. खाली लोंबते ते सगळे त्या ऋतूत घराच्या आसपास पिकलेले आणि उगवलेले.

माटोळीचे सामान दोन ठिकाणांहून येते, आणि हा भेद नीट पाहण्यासारखा आहे. पहिले ठिकाण परसू, म्हणजे घरामागची बाग. जूनमध्ये मृगाच्या पावसावर चिबूड, तवसे, दोडकी, पडवळ, भोपळा यांच्या बिया टोचल्या, की ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, चतुर्थी जेव्हा येईल तेव्हा, वेलांवर फळ धरलेले असते. नारळ, सुपारी, केळीचा घड हेही घरच्या कुळागरातले किंवा परड्यातले. हा भाग म्हणजे घराने पावसाळ्यात काय केले याचा देवापुढे मांडलेला हिशेब. तवसे लांबीला कमी पडले तर येणारा-जाणारा मान वर करून ते पाहतोच, आणि बोलतोही.

दुसरे ठिकाण रान. इथे कोणी काही पेरलेले नसते. काय कुठे उगवते आणि कधी तोडायचे हे ठाऊक असावे लागते. कवंडळाचे लालभडक, चेंडूसारखे फळ माटोळीत सगळ्यांत आधी नजरेत भरते. ते कडू आणि विषारी आहे, पोटात घ्यायचे नाही, केवळ टांगायचे. मालकांगोणीचे घोस या दिवसांत हिरवे-पिवळे असतात. पुढे फळ पिकून उकलले, की आत शेंदरी आवरणातल्या बिया दिसतात. त्यांचे तेल वैद्यकात प्रसिद्ध आहे. शेरवडीची गंमत वेगळीच. तिचे खरे फूल लहानसे, नारिंगी. लांबून दिसते ते पानाएवढे पांढरेशुभ्र निदल. घाटावर हिलाच भूतकेस म्हणतात. कळलावीच्या ज्वाळेसारख्या फुलांनाही काही घरांत जागा असते, आणि तिचा कंद किती घातक आहे हे ती तोडून आणणाऱ्याला माहीत असावे लागते.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते ते केवणीचे झुडूप. त्याच्या शेंगा दोरखंडासारख्या पिळलेल्या असतात, म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे नाव मुरुडशेंग. पोटातल्या मुरड्यावर आणि तान्ह्या मुलांच्या बाळगुटीत हीच शेंग उगाळतात. हिरवी शेंग माटोळीला टांगतात. आणि टांगण्यासाठी लागणारा दोर? तोही केवणीच्याच सालीचा. साल सोलून काढली की तिचा चिवट वाख होतो आणि तो नारळाचे वजन सहज पेलतो. एकाच झुडपाने दागिना दिला, दोरा दिला आणि घरातल्या पोराचे औषधही दिले. ज्याने हे झुडूप एकदा चतुर्थीसाठी शोधले, त्याला पुढे मूल रात्री कळवळू लागले तर ते कुठे आहे हे आठवावे लागत नाही.

गणेशपूजेतल्या पत्रीशी माटोळीची तुलना केली की तिचे वेगळेपण कळते. पत्रींची संख्या एकवीस, नावे पोथीत आणि क्रमही ठरलेला. पुरोहित नाव उच्चारतो, यजमान पान वाहतो. प्रत्यक्षात पान दुसऱ्याच झाडाचे असले तरी पूजा थांबत नाही, हे आपण सारे जाणतो. माटोळीला पोथी नाही, मंत्र नाही, भटजीही लागत नाही. प्रत्येक घराची यादी वेगळी आणि बहुतेक ती लिहिलेली नसते. अमुक घरात कवंडळाशिवाय चौकट पुरी मानत नाहीत, दुसऱ्या घरात त्याचे एवढे महत्त्व नसते. ही यादी शिकण्याची रीत एकच : काका रानात निघाले की पिशवी घेऊन मागून जायचे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी खाली उभे राहून वर एकेक जिन्नस द्यायचा. चुकीचा घोस दिला तर वरून तो परत खाली येतो. वनस्पती ओळखण्याची याहून चोख परीक्षा मला माहीत नाही.

घर आणि बाग यांचे असे सजणे निव्वळ हौस नव्हे, हे गोव्यात सत्ताधाऱ्यांनाही कळले होते. 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झाले. तिच्या 1736 च्या हुकूमनाम्यात धर्मांतरित ख्रिस्ती लोकांनी घरात, आवारात, बागेत तुळस ठेवू नये, असेल तर उपटून टाकावी, असे कलम आहे. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात हा हुकूमनामा चर्चेला घेतला आहे. देव बदलला तरी अंगण जुन्याच रीतीने सजते आहे, ही त्या हुकमामागची चिंता. काही गोमंतकीय घराण्यांत आजही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचा किंवा पत्रीचा गणपती पुजतात. तो त्या छळाच्या काळापासून आला, असे ती घराणी सांगतात. पाने-फळे जप्त करता येत नाहीत आणि त्यांचा पुरावाही उरत नाही, हे लक्षात घेतले तर ते सांगणे पटण्यासारखे आहे.

आज माटोळीचा बाजार भरतो. म्हापसा, फोंडा, पणजी इथे चतुर्थीच्या आधी रस्त्याच्या कडेने रानफळांचे ढीग लागतात. ते आणणाऱ्यांत रानालगतच्या गावांतल्या बायका पुष्कळ, आणि त्यांना या दिवसांत चार पैसे मिळतात. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. नोकरीसाठी शहरात राहणाऱ्या घराला माटोळी बांधायची तर दुसरा मार्ग कोणता? थर्मोकोलच्या मखरावर महाराष्ट्रात 2018 मध्ये बंदी आली, तेव्हा ‘पर्यावरणस्नेही’ आरास म्हणून पुठ्ठ्याची देवळे भरमसाट भावाने विकली गेली. त्यापेक्षा कवंडळाचा वाटा केव्हाही बरा.

अडचण वेगळी आहे. घरच्या माटोळीला मालकांगोणीचा एक घोस पुरतो. काका तो तोडून आणत, वेल जागेवर राही. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचे असल्याने ती राखणे त्यांच्याच सोयीचे होते. बाजाराला पोती लागतात, आणि घाईत घोसाबरोबर वेलही ओढून येते. गोवा सरकारचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते. त्यामुळे तरुण मंडळी चौकटीकडे पुन्हा वळली, नावे जाणत्यांना विचारून लिहून घेऊ लागली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण स्पर्धेत शेकडो जिन्नसांची माटोळी उभी राहते, तेव्हा दुर्मीळ तेच मोलाचे ठरते. घरच्या चौकटीत दुर्मिळाला विशेष मान नव्हता. तिथे हवे होते ते नेहमीचे.

विसर्जनानंतर चौकट उतरवतात. चिबूड चिरून गूळ-पोहे घालून खातात, नारळ वाटले जातात, दोडकी-पडवळ दुसऱ्या दिवशीच्या भाजीला. जून झालेले एखादे तवसे मात्र ठेवून देतात. त्याच्या बिया राखेत घोळवून भिंतीला थापतात आणि मृगापर्यंत त्या तिथेच सुकत राहतात. परसातल्या जिनसांना असा परतीचा रस्ता घरातच आहे. भाद्रपदात तोडलेल्या मालकांगोणीचे बी कोवळे असते. ते भिंतीला लावून उपयोग नाही. तिच्यासाठी वेलीवर दोन-चार घोस ठेवूनच खाली उतरावे लागते, आणि किती ठेवायचे हे न लिहिलेल्या त्या यादीतच असायचे.